भिंतीला भिंत, पण चार इंच सोडून

गेल्या खेपेस या सदरात पावसाळ्याआधी घर शाकारण्याविषयी लिहिले होते. त्यावर बरेच फोन आले. त्यातला एक फोन मात्र कौलांविषयी नव्हता. शहापूरकडच्या एका गल्लीतून एका वाचक भगिनीने विचारले, "काका, आमच्या शेजारचं जुनं घर पाडून तिथं पाच मजली इमारत उठते आहे. अगदी आमच्या भिंतीला चिकटून. उद्या भूकंप झाला तर ती आमच्या अंगावर येईल का हो?"

प्रश्न एवढाच असता तर फोनवरच चार शब्द सांगून मोकळा झालो असतो. पण त्या पुढे म्हणाल्या, "आणि शेजाऱ्यांना हे सांगायचं तरी कसं? पन्नास वर्षांचा शेजार आहे. सासूबाई म्हणतात, भिंत सोडून बांधा म्हणणं म्हणजे संबंध सोडा म्हणण्यासारखंच आहे." हे ऐकल्यावर मी पिशवीत मोजपट्टी टाकली आणि सकाळी त्यांच्या घरी गेलो.

आपल्या सीमाभागातल्या जुन्या गल्ल्यांत दिसते तसेच हे घर. खाली ओटा, सोपा, माजघर, वर लाकडी माडी आणि मंगळुरी कौले. भिंती मातीत रचलेल्या, वरून चुन्याचा गिलावा. डाव्या हाताची भिंत दोन्ही घरांत सामाईक. त्या भिंतीत हात जाईल एवढी एक आरपार खिडकी. पन्नास वर्षे तिच्यातून इकडचा तिळगूळ तिकडे गेला आणि तिकडची शेंगा होळगी इकडे आली. या घरच्या सासूबाई शेजारच्या अज्जींशी कन्नडमध्ये बोलतात, आणि अज्जी त्यांना मराठीत उत्तर देतात. अशी घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत, काहीजण अशाच घरांत वाढले आहेत.

आता शेजारचे घर उतरवले होते. मुलांना वेगवेगळे संसार हवेत, वर दोन मजले भाड्याने द्यायचे, असा साधा आणि रास्त हिशेब. कंत्राटदाराने जमिनीवर फक्की मारून खांबांच्या जागा आखल्या होत्या. कडेची रांग जुन्या भिंतीला टेकूनच होती.

झोक्यांची गोष्ट

उंच इमारत भूकंपात बुटक्या शेजाऱ्याला काय करते, हे समजायला नागपंचमीचा झोका आठवावा. आपल्याकडे मराठी घरांत झोका आणि कन्नड घरांत जोकाली, पण झाड एकच. एका फांदीला लांब दोरांचा झोका आणि शेजारी आखूड दोरांचा झोका बांधला, आणि दोघांना एकाच वेळी ढकलले तर काय होते? आखूड झोका भराभर जातो-येतो, लांब झोका सावकाश. पहिला हेलकावा बरोबर जातो. मग दोघांची लय चुकते. एक पुढे जात असताना दुसरा मागे येतो, आणि मध्ये अंतर नसेल तर दोन्हींवरची पोरे एकमेकांवर आदळतात.

इमारतींचेही तसेच. जमीन हलली की प्रत्येक इमारत आपल्या लयीत डोलते. ढोबळमानाने मजल्यांच्या संख्येला दहाने भागले की एका हेलकाव्याला लागणारे सेकंद मिळतात. दोन मजली घराचा हेलकावा सुमारे एक पंचमांश सेकंदाचा, पाच मजली इमारतीचा अर्ध्या सेकंदाचा, दहा मजलीचा एका सेकंदाचा. म्हणजे उंच आणि बुटकी इमारत शेजारी शेजारी असली की त्यांची लय चुकणार हे ठरलेलेच. दोन्ही सारख्या उंचीच्या आणि सारख्या बांधणीच्या असतील तर त्या बऱ्याच अंशी बरोबर डोलतात, त्यामुळे टक्कर कमी. उंचीत जेवढा फरक, तेवढी धोक्याची शक्यता जास्त.

ही टक्कर एकदाच होत नाही. भूकंप वीस-तीस सेकंद चालला तर तेवढ्या वेळात अनेक धडका बसतात. काँक्रीटचा जड स्लॅब मातीच्या भिंतीवर हातोड्यासारखा आदळत राहतो. हलक्या घराला जड शेजाऱ्याचा धक्का जास्त लागतो, हे तर गर्दीच्या एस.टी.त उभे राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

मेक्सिकोने शिकवलेला धडा

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ८ तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको सिटी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तरीही त्या शहरात हजारो माणसे मेली. शहराचा मधला भाग एका जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला आहे. तो मऊ गाळ परातीतल्या खिरीसारखा हलला, आणि त्याची लय होती सुमारे दोन सेकंदांची. त्या लयीत सापडल्या त्या सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती. एक-दोन मजल्यांची बहुतेक घरे तगली. १९५६ साली पुरी झालेली ४४ मजल्यांची तोर्रे लातिनोअमेरिकाना ही गगनचुंबी इमारतही तगली. मधल्यांनाच सगळ्यात जास्त फटका बसला.

नंतर अभियंत्यांनी कोसळलेल्या वा फार मोडलेल्या ३३० इमारती पाहिल्या. त्यातल्या सुमारे ४० टक्के इमारतींत शेजारच्या इमारतीशी टक्कर झाल्याच्या खुणा सापडल्या. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा जरा फुगलेला आहे, टक्कर झाली म्हणजे तीच कोसळण्याचे कारण होती असे नव्हे, असे म्हटले. ते खरेच असावे. पण त्या दिवसापासून जगभरच्या बांधकाम नियमांत दोन इमारतींमधल्या फटीकडे लक्ष गेले. १७ ऑक्टोबर १९८९ ला अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात लोमा प्रीएटा भूकंप झाला, तेव्हा अशा टकरींच्या दोनशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी किरकोळ नुकसान झाले, काही ठिकाणी मोठे.

मेक्सिकोत आणखी एक गोष्ट दिसली. चिकटून असलेल्या इमारतींच्या रांगेत मधल्या इमारतींना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, टोकाच्या इमारतीला मात्र एकाच बाजूने धक्का बसतो आणि दुसऱ्या बाजूला धरायला कुणी नसते. कोपऱ्यावरच्या कितीतरी इमारती तिथे पडल्या. आपल्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचे घर आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

मजल्याला मजला लागतो की भिंत?

त्या घरात मी मोजपट्टी कशाला नेली होती, ते आता सांगतो. जुन्या घराची माडी जमिनीपासून साडेआठ फुटांवर होती. नव्या इमारतीचा पहिला स्लॅब साडेदहा फुटांवर येणार होता. म्हणजे नव्या इमारतीचा स्लॅब जुन्या घराच्या माडीला न लागता, माडी आणि छप्पर यांच्या मधोमध भिंतीला लागणार.

हाच सगळ्यात वाईट प्रकार. मजल्याला मजला भिडला तर दोन्ही बाजूंना आडव्या फरशीचे बळ असते, धक्का वाटून घेतला जातो. पण एका इमारतीचा स्लॅब दुसरीच्या खांबाच्या किंवा भिंतीच्या पोटात लागला तर तो खांब मध्येच मोडतो. आणि खांब मोडला की वरचे सगळे खाली येते. मोठे नुकसान झालेल्या टकरींत हा प्रकार पुन्हा पुन्हा आढळला आहे. भारतीय मानक संस्थेच्या भूकंप संहितेतही मजले एका पातळीत असतील तर फट निम्मी चालते, नसतील तर पूर्ण हवी, असा भेद त्यासाठीच केला आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. बुटके घर मजबूत आणि घट्ट असेल, तर तेच उंच इमारतीला कमरेत अडवते. खालचा भाग अडकतो, वरचा डोलत राहतो, आणि टक्कर होते त्याच्या लगेच वरच्या मजल्याच्या खांबांवर एकदम ताण येतो. म्हणून फट सोडणे हे केवळ बुटक्या घराच्या भल्यासाठी नसते. उंच इमारतीत राहायला जाणाऱ्यांच्याही भल्याचे असते. शेजाऱ्याशी बोलताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

वरून येणारे आणि खालून जाणारे

आता त्या भगिनीचा मूळ प्रश्न. इमारत आडवी होऊन अंगावर येईल का? सहसा नाही. इमारती कोसळतात तेव्हा बहुधा जागच्या जागी, थरावर थर बसावा तशा खाली बसतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून सुमारे २४० किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या पुष्कळांचा तळमजला गाड्या लावण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा ठेवलेला होता. मात्र आडवी इमारत पडतच नाही, असेही म्हणता येत नाही. ६ फेब्रुवारी २०१६ ला तैवानच्या ताइनान शहरात १७ मजल्यांची एक इमारत कुशीवर पडली आणि शंभरहून अधिक माणसे गेली.

नेहमीचा धोका आहे तो वरून पडणाऱ्या वस्तूंचा. गच्चीचा विटांचा कठडा, पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, अर्ध्या विटेची भिंत. २२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात झालेल्या भूकंपात १८५ माणसे मेली. त्यातली चाळीसच्या आसपास जुन्या विटांच्या भिंती आणि दर्शनी कठडे कोसळून गेली. काही ठिकाणी उंच इमारतीची भिंत शेजारच्या बुटक्या दुकानाच्या छपरावर पडली. दुकान स्वतः हलून पडले नसते, पण शेजाऱ्याच्या विटांनी ते पाडले. कौलारू छपराला तर चार विटाही पुरतात.

आणि एक धोका खालून येतो, त्याला भूकंपाचीही गरज नसते. उंच इमारतीचा पाया खोल जातो. जुन्या भिंतीचा पाया दोन-तीन फुटांवर संपलेला असतो. त्याला लागूनच सहा-सात फूट खोल चर एका दमात खणला तर जुन्या पायाखालची माती सुटते, भिंत बसते, तडा जातो. असा तडा गेलेली भिंत पुढे कधी भूकंपात उभी राहील असे कशाला समजावे? चर एकदम सलग न खणता टप्प्याटप्प्याने, एक हिस्सा भरून मग दुसरा, असा खणावा, भिंतीला लाकडी टेकू द्यावेत आणि पावसाच्या तोंडावर खणणे टाळावे. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक असते, घाईच्या कंत्राटदारांना आठवण द्यावी लागते.

आपल्याकडे भूकंप कुठला?

असे म्हणणारे भेटतातच. त्या घरातही एक मामा म्हणाले. त्यावर सासूबाईच बोलल्या, "सदुसष्ट सालची पहाट आठवते मला. मांडणीवरची भांडी आपोआप वाजायला लागली होती." तो ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. कोयनानगर बेळगावपासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही नाही. तिथे सुमारे १८० माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीने तर हजारो माणसे गिळली. तिथे उंच इमारत एकही नव्हती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीच माणसांवर पडल्या. किल्लारीत भूकंप होईल असे त्याआधी कोणी फारसे मानत नव्हते. २००२ साली सुधारलेल्या भूकंप नकाशात बेळगाव, धारवाड, कोल्हापूर आणि गोवा ही तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात दाखवली आहेत. घाबरून जावे असे नाही, आणि विसरून जावे असेही नाही.

किती जागा सोडायची?

भारतीय मानकांत घरांच्या भूकंपरोधक बांधणीसाठी एक वेगळी संहिता आहे. तीत आर.सी.सी. चौकटीच्या इमारतीला मजल्यागणिक २० मिलिमीटर आणि भिंतींवर उभ्या घराला मजल्यागणिक १५ मिलिमीटर असा आधाराचा आकडा दिला आहे. धोक्याच्या विभागाप्रमाणे तो कमीजास्त होतो, पण एकूण फट कधीही २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. पाच मजल्यांना वीसने गुणले की १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच. खरा हिशेब दोन्ही इमारती किती डोलतील ते मिळवून अभियंत्याने करायचा असतो. टक्कर बुटक्या घराच्या उंचीपर्यंतच व्हायची, त्यामुळे तो कदाचित कमीही निघेल. पण घरगुती बोलणी करताना चार इंच हा आकडा तोंडात बसवावा. नगरपालिका-महापालिकेच्या नियमाने बाजूला जी मोकळी जागा सोडायची असते ती वेगळी आणि यापेक्षा पुष्कळ मोठी. ती सुटली तर हा प्रश्नच उरत नाही. जुन्या गल्ल्यांत ती सुटत नाही म्हणून हे चार इंचांचे पुराण.

फट नुसती सोडून भागत नाही, ती रिकामी राहायला हवी. आपल्याकडे शेजारच्या भिंतीचाच साचा करून काँक्रीट ओततात, मग फट राहतच नाही. कुठे विटांचे तुकडे आणि सुकलेला माल आत पडून ती भरते. कुठे पाणी शिरू नये म्हणून वरून सिमेंटने लिंपून टाकतात. पाणी अडवायचे तर वरून वाकवलेला पत्रा एकाच बाजूला ठोकून दुसऱ्या बाजूला नुसता टेकवावा. आणि नव्या इमारतीची तुळई सामाईक भिंतीत घुसवू देणे हे तर कदापि नको.

खिडकीपाशी बसलेली बैठक

संध्याकाळी दोन्ही घरची माणसे एकत्र बसली. कंत्राटदार म्हणाला, "चाळीस फूट लांब भिंत आहे, चार इंच सोडले की मजल्याला तेरा चौरस फूट गेले. पाच मजल्यांचे पासष्ट." त्याचा हिशेब बरोबर होता, आणि आजच्या भावात पासष्ट चौरस फूट म्हणजे थोडेथोडके पैसे नव्हेत. शेजारचा थोरला मुलगा गप्प झाला. त्याच्या कर्जाचे हप्ते सुरू होणार होते.

मी त्याला झोक्यांची गोष्ट सांगितली. मग त्याच्या इमारतीच्या कमरेत बसणाऱ्या धक्क्याची सांगितली. तरी तो अज्जींकडेच बघत होता. अज्जींनी सगळे ऐकून घेतले आणि सासूबाईंना मराठीत म्हणाल्या, "म्हणजे भिंत तुमची तुम्हाला, आमची आम्हाला?" खोलीत कुणी बोलेना. सासूबाईंना ज्याची भीती होती तेच वाक्य शेवटी निघाले होते. मग त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "बाजू मनी बाजू मनीच राहणार हो. घर हललं तर तुमची नातवंडं आणि माझी नातवंडं दोघंही जगायला हवीत." "बाजू मनी" हे शब्द कन्नड, बाकीचे मी मराठीत लिहिले आहे. आणि त्यातले "बाजू" मूळचे कुणाचे, यावर आपल्या भागात कुणी भांडत नाही.

चार इंच सोडायचे ठरले. खांबांची रांग मागे सरकली. चर तीन टप्प्यांत खणायचा, गच्चीचा कठडा विटांऐवजी खांबांत बांधलेल्या लोखंडी जाळीचा करायचा आणि पाण्याची टाकी पलीकडच्या बाजूला न्यायची, हेही कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. सामाईक भिंत जुन्या घराकडे राहिली. आरपार खिडकी मात्र आता बंद करावी लागेल, तिच्यासमोर काँक्रीटचा खांब येतो. त्यावर उपाय कुणालाच सुचला नाही.

बुटक्या घरानेही आपले काम करायचे आहेच. शेजाऱ्याने फट सोडली तरी मातीची भिंत मातीचीच राहते. छपराचे वासे आणि भिंत यांची पक्की बांधणी करणे, माडीच्या पातळीला भिंतींना चौफेर पट्टा बांधणे, माडीवरचे अवजड सामान खाली आणणे, आणि उंच इमारतीकडच्या भिंतीलगत पोरांची अंथरुणे न घालणे. पहिल्या दोन गोष्टींना अभियंत्याचा सल्ला आणि पैसे लागतात. शेवटच्या दोन आजच करता येतात.

आणि ज्यांच्या शेजारी इमारत आधीच चिकटून उभी आहे? तिथे फट मागून मिळणार नाही. अशांनी आधी पाहावे की शेजारचा स्लॅब आपल्या भिंतीच्या पोटात येतो की मजल्याच्या पातळीत. पोटात येत असेल तर त्या ठिकाणी भिंतीला आतून बळकटी देता येते का, हे जाणत्या अभियंत्याला दाखवावे. वरचे कठडे आणि टाक्या पाहाव्यात, शेजाऱ्याशी बोलावे. कागदोपत्री तक्रार करण्याआधी एक कप चहा घेऊन बोलावे, असे माझे पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरचे मत आहे.

परवा त्या भगिनीचा पुन्हा फोन आला. खिडकी बुजवायच्या आधी अज्जींनी तिच्यातून शेवटची शेंगा होळगी दिली म्हणे. आणि सांगितले की यापुढे पुढच्या दाराने यायचे, चार पावले जास्त पडतील एवढेच.